शिंदीच्या मडक्यात झोपेची गोळी

नांदेड शहरातून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागले की विष्णुपुरी येते. नदी अडवून उभा केलेला उपसा सिंचन प्रकल्प, श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याचे मोठे रुग्णालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, हे सगळे याच पट्ट्यात आहे. विद्यापीठ स्थापन झाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी. ज्या स्वामीजींचे नाव त्याला दिले, त्यांच्या चळवळीतला एक कार्यक्रम आज फारशा कोणाच्या लक्षात नाही. तो होता शिंदीची झाडे तोडण्याचा.

ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामीजींच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्यासाठी लढा पुकारला. तेव्हा करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी उद्ध्वस्त करणे, लेव्हीचे धान्य न देणे, जंगल सत्याग्रह यांच्या जोडीला गावोगावची पोरे कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनात शिरली. आबकारी हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता आणि त्या आबकारीत शिंदीचा वाटा ठसठशीत होता. झाड पडले की महसूल पडला, असा साधा हिशेब. तमिळ मुलखात ई. व्ही. रामस्वामींनी १९२१ मध्येच आपल्या मळ्यातली पाचशे नारळाची झाडे ताडीच्या विरोधात तोडून टाकली होती. मराठवाड्यात मात्र कुऱ्हाडीचा रोख पिणाऱ्यावर कमी आणि पाजून पैसा करणाऱ्या राजवटीवर जास्त होता. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. व्यसनाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा पिणाऱ्यापाशीच थांबतो. मडक्यात काय आहे आणि ते कोणी घातले, इथपर्यंत फारसे कोणी जात नाही.

मडक्यात मुळात असते ती अगदी निरुपद्रवी गोष्ट. शिंदी म्हणजे रानखजूर. ताडाचा रस फुलोऱ्यातून काढतात, शिंदीचा मात्र खोडातून. शेंड्याखाली एका बाजूची पाने छाटून, साल तासून तिकोनी खाच पाडतात, खाचेच्या टोकाशी बांबूची किंवा पानाची पन्हळ खोचतात आणि खाली मडके टांगतात. रोज संध्याकाळी धारदार कोयत्याने त्या जखमेचा पातळ पापुद्रा काढायचा, म्हणजे ती सुकत नाही. पुढच्या वर्षी खाच दुसऱ्या बाजूला. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड लांबून पाहिले तरी नागमोडी दिसते आणि खाचा मोजून झाड किती वर्षे तासले गेले ते सांगता येते. थंडीच्या दिवसांत रस भरपूर येतो. पहाटे उतरवलेल्या ताज्या रसात दहा-बारा टक्के साखर असते. तीच नीरा.

मग सूर्य वर येऊ लागतो आणि मडक्यात घाई सुरू होते. मडक्याच्या आतल्या भिंतीवर, पन्हळीवर, हवेत असलेले किण्व आणि झायमोमोनास नावाचे जिवाणू साखरेवर तुटून पडतात. काही तासांत फेस येतो, वास बदलतो आणि रसात चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते. दिवस उलटला की तोच रस आंबून व्हिनेगरच्या वाटेला लागतो. म्हणजे खरी शिंदी साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही आणि उन्हाळ्यात पुरेशी मिळतही नाही. पिणारा मात्र बाराही महिने रोज येतो. झाडे कमी, गिऱ्हाईक जास्त, या विषम गणितातून भेसळीचा धंदा उभा राहिला.

बिलोली, धर्माबाद, देगलूर हे नांदेडचे तालुके तेलंगणाला खेटून आहेत. गोदावरी विष्णुपुरीहून निघून बाभळी बंधाऱ्यावरून पुढे बासरकडे जाते, तशीच माणसांचीही ये-जा आहे. लग्ने, बाजार, मजुरी, देवदर्शन, सगळेच सीमेपार. शिंदीची दुकानेही दोन्हीकडे आहेत आणि तिच्यातल्या भेसळीच्या तक्रारीही दोन्हीकडे जुन्या आहेत. पाणी, सॅकरीन, फेसासाठी काहीबाही आणि झिंग यावी म्हणून रसायन, असा हा काढा. सोलापूर आणि पुण्याकडच्या ताडीतही असे रसायन सापडल्याची पोलिसांत नोंद झालेली प्रकरणे आहेत. रसायने मुख्यतः तीन: क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम. तिन्ही झोपेची औषधे.

क्लोरल हायड्रेटला तर दोनशे वर्षांची वंशावळ आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टस फॉन लीबिग याने ते १८३२ मध्ये तयार केले. क्लोरलने झोप येते हे ऑस्कर लीब्राइख याने १८६९ मध्ये दाखवले आणि ते युरोपातले पहिले प्रयोगशाळेत बनलेले झोपेचे औषध ठरले. ते यकृतात जाऊन ट्रायक्लोरोएथेनॉल बनते आणि खरी गुंगी त्याचीच. अडचण अशी की हे रूपांतर ज्या विकराने होते, त्याच विकराने अल्कोहोलही पचते. दोघे एकत्र आले की एकमेकांचा निचरा अडवतात आणि गुंगी बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. पाश्चात्त्य गुन्हेगारी जगात गिऱ्हाइकाच्या दारूत गुपचूप क्लोरल टाकून त्याला लुटण्याची रीत होती ती यामुळेच. आपल्याकडच्या दुकानात ते गिऱ्हाईक स्वतः पैसे देऊन पिते, एवढाच फरक.

क्लोरल पोत्याने लागते. औषध म्हणून त्याची एक मात्रा अर्धा ते एक ग्रॅम. अल्प्राझोलामची सर्वांत लहान गोळी पाव मिलिग्रॅमची. म्हणजे एक ग्रॅम अल्प्राझोलाममध्ये चार हजार गोळ्या आणि एका किलोत चाळीस लाख! पोत्याची जागा खिशातल्या पुडीने घेतली ती या हिशेबामुळे. पुडीचे आणखी एक भयंकर अंग आहे. चिमूटभर पावडर शंभर लिटरच्या पिंपात काठीने ढवळली तर ती सगळीकडे सारखी पसरेल याची खात्री कोण देणार? वरच्या पेल्यात नुसती पेंग, तळच्या पेल्यात श्वास थांबेल इतके औषध, असे होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कूकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीने अनेक जण रुग्णालयात गेले आणि काही दगावले. त्याच वर्षी महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातेत वलसाडला अल्प्राझोलामचा चोरटा कारखाना पकडला. तिथला माल तेलंगणात ताडीत मिसळण्यासाठी जाणार होता. कोठे वलसाड, कोठे तेलंगणातले शिंदीचे दुकान!

या औषधांची मेंदूशी गाठ पडते ती एका ठरावीक जागी. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन आहे. पेशींची धावपळ मंदावणे, हे त्याचे काम. याउलट ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारे. दोघांच्या ओढाताणीवर आपली जाग, झोप, शांतपणा आणि धसका ठरतो. अल्कोहोल, क्लोरल, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही चारही द्रव्ये गाबाच्या बाजूने जोर लावतात. पहिल्या काही दिवसांत त्यामुळे मजा वाटते, अंग सैल पडते, झोप लागते. पण मेंदू हे मुकाट्याने सोसत नाही. रोज संध्याकाळी बाहेरून कोणी ब्रेक दाबतो आहे हे लक्षात आल्यावर तो स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. म्हणून एका पेल्यात लागणारी झिंग पुढे तीन पेल्यांनीही लागत नाही. आणि म्हणूनच एक दिवस पेला मिळाला नाही, तर सैल ब्रेक आणि दाबलेला ॲक्सिलरेटर घेऊन गाडी उतारावर सुटते.

हे तेलंगणाने २०१५ च्या सप्टेंबरात पाहिले. सरकारने भेसळीच्या ताडीविरुद्ध एकाएकी कडक मोहीम काढली, रसायन मिळेनासे झाले आणि काही दिवसांतच निजामाबाद, मेदक, महबूबनगर भागांतल्या रुग्णालयांत माणसांच्या रांगा लागल्या. कोणाला फिट येत होत्या, कोणी असंबद्ध बडबडत होता, कोणी घरच्यांना ओळखत नव्हता, कोणाची मान वाकडी झाली होती. काही जणांचा जीव गेला. विषारी दारू पिऊन माणसे मरतात हे आपण ऐकलेले असते. इथे माणसे आजारी पडली ती विष बंद झाल्यामुळे. त्यांतल्या अनेकांना आपण झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलो आहोत याचा पत्ताच नव्हता. ते समजत होते की आपण बापजाद्यांसारखी झाडाची शिंदी पितो. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शरीर वेगळे नसते, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही ही गोष्ट पाठ असावी लागते.

मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात हा प्रकार बहुतेक वेळा मानसोपचार विभागात सुरूच होत नाही. तो सुरू होतो अस्थिव्यंगाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला पन्नाशीचा गडी. रोज संध्याकाळी घ्यायची सवय, पण विचारल्यावर सांगतो, ‘कधीमधी, सणावाराला.’ शेवटचा पेला घेऊन सहा-आठ तास झाले की हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते. घरच्यांना वाटते दुखण्याने होत असेल. दुसऱ्या दिवशी एखादी फिट येते. तिसऱ्या रात्री तो पलंगावर उठून बसतो, चादरीवरून काहीतरी वेचू लागतो, भिंतीकडे बोट दाखवतो. बायको घाबरून सिस्टरला सांगते, ‘किडे दिसायलेत म्हणून ओरडायलेत. मला ओळखतच नाहीत.’ तोवर सोबतच्या एखाद्या म्हातारीने ‘बाहेरचं’ काहीतरी झाल्याचा निवाडा देऊन टाकलेला असतो आणि लिंबू शोधायला कोणीतरी गेलेलेही असते.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. अंगात ताप, नाडी धावते, रक्तदाब चढतो, माणूस दिवस-रात्र विसरतो. उपचार नसताना या अवस्थेत मृत्यूचे प्रमाण पस्तीस टक्क्यांपर्यंत नोंदले गेले होते. योग्य उपचार मिळाले तर आज ते पाच टक्क्यांच्या खाली येते. इतका फरक पाडणारा उपचार फार महागडा असेल असे वाटते, पण तसे मुळीच नाही.

तो उपचार म्हणजे डायझेपाम. हो, मडक्यात मिसळतात तेच. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून १९६३ मध्ये बाजारात आलेली ही गोळी दुकानदाराच्या हातात विष आहे आणि डॉक्टरच्या हातात तिच्यावरचा उतारा. किमया आहे ती वेळेत. अल्प्राझोलामचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण अकरा तास लागतात. म्हणून ते लवकर चढते, लवकर उतरते आणि उतरताना तलफ उभी करते. डायझेपाम दोन-दोन दिवस रेंगाळते आणि त्यापासून शरीरात तयार होणारे पुढचे द्रव्य त्याहून जास्त. म्हणून डॉक्टर झटपट उतरणाऱ्या औषधाच्या जागी हे संथ उतरणारे औषध देतात आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात. मेंदूला आपला ब्रेक पुन्हा आवळायला सवड मिळते. नुसत्या दारूचा माणूस बहुधा आठ-दहा दिवसांत यातून बाहेर येतो. वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम पोटात गेलेल्याची मात्रा उतरवायला काही आठवडे, कधी महिने लागतात. यकृत फारच खराब असेल तर लोराझेपामसारखे दुसरे औषध निवडतात. मुद्दा असा की नशेच्या गोळ्या ‘आजपासून बंद’ म्हणत स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडणे हा पराक्रम नसून धोका आहे.

दुसरे औषध त्याहून स्वस्त: जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायामिन. रोज पिणाऱ्याचे जेवण सुटते आणि आतड्यातून थायामिन शोषलेही जात नाही. ते संपले की डोळे तिरळे फिरतात, चाल लटपटते, मती गुंग होते. कार्ल वेर्निके याने हा विकार १८८१ मध्ये वर्णिला. पुढे सेर्गेई कोर्साकोव्ह याने दाखवले की त्यातून स्मृती कायमची पुसली जाऊ शकते. माणूस सकाळी जेवल्याचे दुपारी विसरतो आणि रिकामी जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरतो. आता गंमत पाहा, खरे तर गंमत नाही. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की पहिली मागणी असते सलाईनची. थायामिन न देता ग्लुकोजचे सलाईन सोडले तर उरलेसुरले थायामिन त्या ग्लुकोजच्या पचनात खर्ची पडते आणि हाच विकार उफाळू शकतो. म्हणून आधी ब-१ चे इंजेक्शन, मग बाकीचे.

गावात मात्र उपचाराच्या नावाखाली वेगळेच चालते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, एस. टी. स्टँडवर, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात दिसतात. भाजीत किंवा चहात मिसळायची ती पूड किंवा गोळी अनेकदा डायसल्फिराम असते. हे द्रव्य मूळचे रबराच्या कारखान्यातले. त्याच्याशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, असे एका अमेरिकी कारखान्याच्या डॉक्टरने १९३७ मध्ये नोंदवले होते. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांचे औषध म्हणून ते स्वतःवर तपासत असताना मद्य घेतल्यावर आजारी पडले आणि १९४८ मध्ये व्यसनमुक्तीच्या वैद्यकाला हे नवे औषध मिळाले. ते अल्कोहोलचे पचन मधल्या टप्प्यावर अडवते. अॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. ठाऊक असलेल्या, तयार असलेल्या माणसाला याचा चांगला उपयोग होतो, कारण सकाळी गोळी घेतली की दिवसभर पिण्याचा प्रश्नच उरत नाही. न सांगता खाऊ घातली तर तो बिचारा नेहमीसारखा पितो आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतते. नवऱ्याने छळलेल्या बाईने हे का केले ते मला समजते. पण ती पुडी विकणाऱ्याची गय करण्याचे कारण मला सापडत नाही.

शरीरातून विष उतरवणे हा सोपा भाग. अवघड भाग त्यानंतरचा आहे. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबली की त्या जागी विजेचा सौम्य झटका बसेल अशी सोय केली. जागा अचूक लागली तेव्हा उंदीर तासाला शेकडो, पुढच्या प्रयोगांत हजारो वेळा कळ दाबत राहिले. खाणेपिणे त्यांच्या खिजगणतीत राहिले नाही. मेंदूतली ही ‘पुन्हा कर’ सांगणारी वाट डोपामिनवर चालते. दारू, निकोटीन, अफू, मेफेड्रोन या सगळ्यांचे रस्ते वेगवेगळे, पण शेवटी सगळे याच वाटेला येऊन मिळतात. आणि ही वाट फक्त द्रव्य लक्षात ठेवत नाही. ती जागा, वेळ, वास, सोबती सगळे लक्षात ठेवते. महिनाभर न प्यालेला माणूस दुकानाच्या वळणावर आला की तोंडाला पाणी सुटते ते यामुळे.

याचा एक विलक्षण पुरावा व्हिएतनाम युद्धाने दिला. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के हेरॉइनच्या आहारी गेल्याचे १९७१ च्या सुमारास आढळले. वॉशिंग्टनला धडकी भरली. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले आणि तीन वर्षांत बारा टक्के. जंगल, भीती, कंटाळा आणि सहज मिळणारी पुडी मागे राहिली, तशी बहुतेकांची तलफही तिकडेच राहिली.

मराठवाड्यात याचा देशी प्रयोग शेकडो वर्षे चालू आहे, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. माणूस पंढरीची माळ घालतो. माळ घातली की दारू-मटण बंद, हे तर झालेच. पण त्याहून जास्त काहीतरी बदलते. संध्याकाळची वेळ हरिपाठाला जाते, बसण्याची जागा दुकानाच्या ओट्यावरून मारुतीच्या पारावर येते, सोबती बदलतात आणि गळ्यातली माळ पाहून जुने मित्रही आग्रह करायला कचरतात. रॉबिन्सबाईंना जे दिसले तेच इथे घडते. माझे म्हणणे एवढेच की माळ घालण्याआधी शरीर दवाखान्यात उतरवून घ्यावे. एकादशीला अचानक सोडली आणि द्वादशीला फिट आली, असे होता कामा नये.

पुण्याच्या मुक्तांगणने हे दोन्ही भाग एकत्र आणले. अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. आधी शरीराचा उपचार, मग समूहात बोलणे, श्रम, कुटुंबाची बैठक आणि घरी गेल्यावर पाठपुरावा, हा तिथला क्रम पुढे महाराष्ट्रभर अनेकांनी गिरवला. अर्थात व्यसनमुक्ती केंद्राची पाटी लावून माणसे डांबून ठेवणारेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांत धरल्या आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली आहे. आपल्या माणसाला कोठे ठेवण्याआधी तिथे डॉक्टर रोज येतात का आणि नातेवाइकांना भेटू देतात का, एवढे तरी विचारावे.

शिंदीवर एवढे थांबलो म्हणजे बाकी सारे आलबेल आहे असे नाही. तंबाखू तर इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले आणि त्यांतले बहुतेक खाणारे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. टपरीवरचे लोक हे ऐकून हसतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. तिने तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते. घरच्या घरी पाहायची खूण अशी: आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर झालेला आहे.

शहरी पोरांमध्ये नशेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात, मालेगावकडे अल्प्राझोलामलाच ‘कुत्ता गोळी’. १ मार्च २०१४ पासून या गोळ्या औषध नियमांतल्या एच-१ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपायची, असा नियम. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अल्प्राझोलामची पाच ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प आणि शंभर ग्रॅमच्या वरची व्यापारी धरतात. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, या कायद्यात आले ते २०१५ मध्ये. ते गुंगी न आणता उलट चेतवते, झोप-भूक उडवते आणि संशयाने माणूस पोखरतो. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात रोहिणा गावी अशा एमडीचा कारखानाच पकडला गेला आणि ११.३६ किलो माल जप्त झाला. हे मोठ्या शहरांचे दुखणे आहे असे म्हणायची सोय तेव्हापासून उरली नाही.

देशाचा आकडा एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये मांडला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांत १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी, दारू घेतात. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा वापर सव्वा कोटीच्या जवळ. या पाहणीतला मला सर्वांत बोचलेला आकडा वेगळाच आहे: दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार मिळणारा एकशेऐंशीत एक. दुकान बंद करायला कायदा आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली तर मतदान घेऊन निम्म्याहून जास्त मतांनी ‘आडवी बाटली’ करता येते. ते करावेच. पण ज्या दिवशी शिंदीच्या दुकानावर छापा पडेल त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डायझेपाम आणि थायामिनचा साठा पोचला पाहिजे, चार खाटा राखून ठेवल्या पाहिजेत आणि आशाताईंनी घरोघर सांगितले पाहिजे की हात थरथरू लागले तर वाट पाहू नका. तेलंगणाच्या त्या सप्टेंबरानंतरही हे कोणाला सुचू नये, याचे नवल वाटते.

दाखल होऊन परतलेल्या माणसाच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. महिनाभर न घेतल्यावर शरीराची सोसण्याची ताकद खाली आलेली असते. पूर्वी पचत होती तेवढीच मात्रा आता एकदम घेतली तर श्वास बंद पडू शकतो. त्यामुळे पाय घसरलाच तर ओरडण्यापेक्षा त्याला कुशीवर झोपवणे, श्वासावर लक्ष ठेवणे आणि १०८ ला फोन करणे आधी. घसरणे या आजारात नेहमीचे आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली म्हणून आपण उपचार सोडत नाही.

सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक विनामूल्य आहे. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात जायला कोणाची शिफारस लागत नाही. जाताना रोज किती घेतो, शेवटचे कधी घेतले आणि पूर्वी सोडताना फिट आली होती का, हे खरे सांगावे. गोळ्यांची रिकामी पाकिटे असतील तर सोबत न्यावीत. आणि माणूस शिंदी पिणारा असेल तर ‘थोडी दारू घेतो’ असे मोघम न सांगता शिंदी म्हणूनच सांगावे, कोणत्या गावच्या दुकानातली तेही. लघवीच्या साध्या तपासणीत अल्प्राझोलाम सापडू शकते, क्लोरल मात्र सहसा सापडत नाही. तेव्हा डॉक्टरला मात्रा ठरवायला घरच्यांनी दिलेली ही माहितीच उपयोगी पडते.